मुंबई ते न्यूयॉर्क: विमानाचे अंतर नेमके किती आणि वेळ किती लागतो?

प्रश्न असा आहे. मुंबई ते न्यूयॉर्क विमानाचे अंतर बहुतेक संकेतस्थळांवर १२,५५० किलोमीटरच्या आसपास दिसते. जेट विमान ताशी ९०० किलोमीटरने जाते असे सगळीकडे लिहिलेले असते. भागाकार केला तर चौदा तासांच्या आतच उत्तर येते. मग नॉनस्टॉप विमानाच्या तिकिटावर जाताना सोळा तास आणि येताना साडेचौदा-पावणेपंधरा तास का लिहितात? यातला खरा आकडा कोणता?

आधी थोडक्यात उत्तर. दोन विमानतळांमधले पृथ्वीच्या पाठीवरचे सर्वांत कमी अंतर सुमारे १२,५५० किमी आहे. विमान प्रत्यक्षात उडते ते १२,९०० ते १३,५०० किमी, आणि हा आकडा रोज बदलतो. गेट ते गेट वेळ न्यूयॉर्ककडे जाताना साडेपंधरा ते साडेसोळा तास, मुंबईकडे येताना चौदा ते पंधरा तास. पुण्याच्या घरातून निघून न्यू जर्सीच्या घरात शिरेपर्यंत चोवीस-पंचवीस तास धरावेत. अंतराचा आकडा ठरावीक असतो, पण प्रवास ठरवायला तो सर्वांत कमी उपयोगाचा आहे. वेळ ठरते ती वाऱ्यावर, कोणत्या देशाचे आकाश उघडे आहे यावर आणि जमिनीवर जाणाऱ्या मिनिटांवर. हे सगळे कसे मोजायचे ते आता क्रमाने सांगतो, म्हणजे कोणत्याही दोन विमानतळांसाठी तुम्हाला स्वतःच अंदाज बांधता येईल.

अंतर कसे काढतात

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळाचे अक्षांश १९.०८८७ उत्तर, रेखांश ७२.८६७९ पूर्व. न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळाचे अक्षांश ४०.६३९८ उत्तर, रेखांश ७३.७७८९ पश्चिम. दोन्ही रेखांशांतला फरक १४६.६४६८ अंश. आता सूत्र (मध्य कोन म्हणजे पृथ्वीच्या केंद्रापासून दोन्ही विमानतळांकडे काढलेल्या रेषांमधला कोन):

मध्य कोनाचा कोसाइन = (साइन अक्षांश१ × साइन अक्षांश२) + (कोसाइन अक्षांश१ × कोसाइन अक्षांश२ × कोसाइन रेखांशफरक)

पहिला गुणाकार ०.२१३० येतो, दुसरा उणे ०.५९९०. बेरीज उणे ०.३८६०. ज्या कोनाचा कोसाइन इतका आहे तो कोन ११२.७ अंश. एक अंश म्हणजे ६० नॉटिकल मैल, म्हणून ६,७६२ नॉटिकल मैल, म्हणजेच पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किमी धरून १२,५३० किमी. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे. तो हिशेब धरणाऱ्या साधनांत हाच आकडा दहा-वीस किलोमीटरने वाढतो. दोन संकेतस्थळांवर १२,५३० आणि १२,५५० असे वेगळे आकडे दिसतात ते यामुळे. दोन्ही बरोबर आहेत.

स्प्रेडशीटमध्ये हे सूत्र मांडताना चार ठिकाणी हमखास गडबड होते. पहिली, कोन अंशांत टाकले जातात, पण स्प्रेडशीटला ते रेडियनमध्ये हवे असतात. उत्तर अगदीच विचित्र येते, त्यामुळे ही चूक निदान लगेच कळते. दुसरी जास्त फसवी. पश्चिम रेखांशाला उणे चिन्ह द्यायचे राहते. उणे ७३.७८ ऐवजी नुसते ७३.७८ टाकले तर तुमचे न्यूयॉर्क किर्गिझस्तानात, ओश शहराच्या पूर्वेला जाते आणि अंतर फक्त २,४०० किमी येते. इथे आकडा हास्यास्पद वाटतो म्हणून चूक लक्षात येते. लंडनसारख्या शून्य रेखांशाजवळच्या शहराला मात्र चिन्ह चुकले तरी उत्तरात थोडाच फरक पडतो आणि चूक तशीच खपून जाते. तिसरी, १९ अंश ५ मिनिटे १९ सेकंद हे १९.०५१९ असे लिहिले जाते. मिनिटे साठाची असतात, शंभराची नाहीत. योग्य रूप १९.०८८६ आहे. चौथी गफलत एककांची. ६,७७० नॉटिकल मैल, ७,७९० साधे मैल आणि १२,५४० किलोमीटर हे एकच अंतर आहे. वैमानिक नॉटिकल मैल वापरतात, अमेरिकी संकेतस्थळे साधे मैल. ‘मैल’ एवढेच लिहिलेले असेल तर कोणता मैल ते आधी बघा. दोघांत पंधरा टक्क्यांचा फरक आहे, म्हणजे इथे हजार मैलांचा.

अंतर शहराचे आहे की विमानतळाचे, हेही तपासावे. न्यूयॉर्कच्या परिसरात जेएफके आणि नेवार्क ही दोन मोठी आंतरराष्ट्रीय विमानतळे आहेत. दोघांमध्ये सरळ रेषेत तीस-पस्तीस किमी अंतर आहे. उड्डाणात त्याचा फरक नगण्य, पण जमिनीवर तो एक ते दोन तासांचा होऊ शकतो. मुंबईतही आता नवी मुंबईचे विमानतळ डिसेंबर २०२५ पासून सुरू आहे, आणि गोव्यात दाबोळी व मोपा अशी दोन आहेत. तिकिटावरचा तीन अक्षरी कोड वाचल्याशिवाय टॅक्सी बोलावू नये.

सर्वांत जवळचा रस्ता कुठून जातो

भिंतीवरच्या नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क पट्टीने जोडले तर रेषा अरबस्तान, इजिप्त, लिबिया, अल्जीरियावरून अटलांटिकमध्ये उतरते. ही रेषा सरळ दिसते, पण ती सर्वांत जवळची नाही. होकायंत्राची एकच दिशा धरून असे गेलात तर १४,२०० किमी पडतात. म्हणजे जवळच्या रस्त्यापेक्षा जवळजवळ १,७०० किमी जास्त, विमानाचे दोन तास.

पृथ्वीगोल घेऊन दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरा. दोरा मुंबईतून पश्चिमेला न जाता उत्तर-वायव्येला निघतो. सुरुवातीची दिशा ३३३ अंश येते. पुढे पाकिस्तानातले क्वेट्टा, अफगाणिस्तानातले हेरात, तुर्कमेनिस्तान, कॅस्पियन समुद्राच्या पूर्वेचा कझाकस्तान, व्होल्गेचे खोरे आणि मग जवळजवळ मॉस्कोच्या डोक्यावरून हा मार्ग जातो. फिनलंडचे आखात ओलांडून तो स्वीडन आणि नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमजवळून समुद्रावर येतो. सर्वांत उत्तरेचा बिंदू आइसलँडच्या अलीकडे ६४.७ अंशांवर आहे. नंतर आइसलँड, ग्रीनलँडचे दक्षिण टोक, कॅनडातला लॅब्रॅडोर, मेन राज्य आणि न्यूयॉर्क. नकाशावर वेडावाकडा दिसणारा हा कमानीसारखा मार्गच खरा सरळ मार्ग आहे. याला महावृत्त म्हणतात.

आता या यादीतले देश पुन्हा वाचा: पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया. १२,५५० किमी हा आकडा कागदावर का राहतो ते इथेच कळते.

आकाश बंद असले की

पाकिस्तानने भारतीय विमानांसाठी आपले आकाश २४ एप्रिल २०२५ पासून बंद केले आणि ती बंदी पुढे वाढत गेली. याआधी २०१९ मध्येही फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत ते बंद होते. रशियाचे आकाश फेब्रुवारी-मार्च २०२२ पासून अमेरिकी आणि बहुतेक युरोपीय कंपन्यांना बंद आहे, भारतीय कंपन्यांना नाही. जून २०२५ मध्ये इराण-इस्राएल संघर्षात इराणचे आकाश एकाएकी बंद झाले, तेव्हा भारतातून पश्चिमेला निघालेली कित्येक विमाने वाटेतून वळवावी किंवा परत आणावी लागली. म्हणजे त्याच दोन शहरांमध्ये, त्याच दिवशी, दोन देशांच्या कंपन्यांचे मार्ग वेगळे असतात आणि वेळाही वेगळ्या असतात.

किती फरक पडतो हे वरच्याच सूत्राने काढता येते. मार्गाचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा वेगळा मोजायचा. मुंबईहून अरबी समुद्रावरून मस्कतला गेले तर सुमारे १,५९० किमी. मस्कतहून न्यूयॉर्कचे महावृत्त ११,३२५ किमी. बेरीज १२,९१५, म्हणजे जवळच्या मार्गापेक्षा पावणेचारशे किमी जास्त, अर्ध्या तासाच्या आतले काम. पण मस्कत-न्यूयॉर्कचा सरळ मार्ग इराणवरून जातो. इराणही टाळायचा असेल तर मस्कतहून रियाधपर्यंत १,१८० आणि तिथून न्यूयॉर्क १०,५०० किमी. एकूण १३,२७०. म्हणजे सातशेहून जास्त किलोमीटरची भर आणि पाऊण तास.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. दिल्ली ते न्यूयॉर्क अंतर सुमारे ११,७७५ किमी, मुंबईपेक्षा पावणेआठशेने कमी. पण पाकिस्तान बंद झाला की दिल्लीच्या विमानाला आधी नैऋत्येला अरबी समुद्राकडे उतरून मग वळावे लागते. मुंबई आधीच समुद्रकाठी असल्याने तिला हा भुर्दंड कमी बसतो. २०२५ मध्ये दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना इंधनासाठी युरोपात थांबा घ्यावा लागला, तो याचमुळे. त्यामुळे ‘दिल्लीहून अंतर कमी म्हणून लवकर पोहोचू’ हा तर्क आज जसाच्या तसा लागू होत नाही.

याचे सर्वांत ठळक उदाहरण भारताबाहेरचे आहे. हेलसिंकी ते टोकियो हे अंतर ८,००० किमीच्या आतले, आणि रशियावरून हा प्रवास साडेनऊ तासांत होत असे. रशिया बंद झाल्यावर तेच विमान उत्तर ध्रुवाच्या बाजूने किंवा दक्षिणेकडून वळसा घालून जाते आणि सुमारे तेरा तास घेते. अंतर मोजणाऱ्या संकेतस्थळावरचा आकडा मात्र अजूनही तोच आहे.

वारा

जाण्या-येण्यातला दीड तासाचा फरक पृथ्वीच्या फिरण्यामुळे पडतो असे पुष्कळ लोक मानतात. विमान ज्या हवेत उडते ती हवा पृथ्वीबरोबरच फिरत असते, त्यामुळे ‘पृथ्वी खालून सरकते’ असे काही होत नाही. फरक पडतो तो जेट स्ट्रीममुळे. मध्यम अक्षांशांवर नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे हे वारे हिवाळ्यात ताशी २०० किमीच्या पुढे सहज जातात. उन्हाळ्यात ते मंदावतात आणि उत्तरेकडे सरकतात. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत जाण्या-येण्याच्या वेळांतली तफावत सर्वांत मोठी, जुलै-ऑगस्टमध्ये कमी.

वाऱ्याचा जोर किती असू शकतो? ९ फेब्रुवारी २०२० रोजी सियारा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचे बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले. एरवी या मार्गावर साडेसहा-सात तासांचे वेळापत्रक असते. त्या विमानाचा जमिनीच्या सापेक्ष वेग एका टप्प्यावर ताशी १,३०० किमीच्या वर गेला होता. हवेच्या सापेक्ष ते नेहमीच्याच वेगाने उडत होते, ध्वनीचा वेग त्याने ओलांडला नव्हता.

वारा विचारात घेतला की ‘जवळचा मार्ग’ आणि ‘लवकरचा मार्ग’ वेगळे होतात. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को याचा उत्तम नमुना आहे. एअर इंडियाचे विमान पूर्वी पश्चिमेकडून अटलांटिकवरून जात असे, सुमारे १३,९०० किमी. ऑक्टोबर २०१६ मध्ये तेच उड्डाण पूर्वेकडून पॅसिफिकवरून नेले. अंतर वाढून १५,३०० किमीच्या घरात गेले, पण पाठीवर वारा मिळाल्याने विमान साडेचौदा तासांत पोहोचले, आधीपेक्षा साधारण दोन तास लवकर. चौदाशे किलोमीटर जास्त उडून दोन तास वाचले. किलोमीटर मोजणाऱ्यांनी हे उदाहरण कायम डोळ्यांसमोर ठेवावे.

मुंबई-न्यूयॉर्कला पूर्वेकडून जाणे परवडत नाही, त्यामुळे जाताना समोरचा वारा पत्करावाच लागतो. उड्डाणाचा आराखडा करणारा डिस्पॅचर अशा वेळी मार्ग उत्तरेकडे ढकलून जेट स्ट्रीमच्या बाहेरून विमान नेतो. येताना तोच डिस्पॅचर मार्ग दक्षिणेला ओढून विमान जेट स्ट्रीममध्ये घालतो. म्हणून सीटसमोरच्या पडद्यावर जातानाची आणि येतानाची रेषा एकसारखी दिसत नाही. आडवा वाराही फुकट सोडत नाही. ताशी १५० किमीचा निव्वळ आडवा वारा असेल तर विमानाला नाक वाऱ्याकडे वळवून उडावे लागते आणि ८९५ चा वेग मार्गावर ८८२ च भरतो.

‘ताशी ९००’ म्हणजे काय

बोइंग ७७७ किंवा एअरबस ए३५० साधारण माक ०.८४-०.८५ ने, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या ८४-८५ टक्के वेगाने जाते. ध्वनीचा वेग हवेच्या तापमानावर ठरतो. बाहेर उणे ५४ अंश सेल्सिअस असेल तर माक ०.८४ म्हणजे ताशी ८९७ किमी. उत्तरेकडे तापमान उणे ६५ वर गेले तर तोच माक ०.८४ ताशी ८७४ किमी होतो. इंजिनात काही बिघाड नाही, वैमानिकाने वेग कमी केलेला नाही, तरी तासाला तेवीस किलोमीटर गेले.

शिवाय हा वेग सुरुवातीपासून मिळत नाही. चढायला पंचवीस-तीस मिनिटे जातात. उतरताना ३९,००० फुटांवरून सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर आधीच खाली यायला सुरुवात करावी लागते, आणि १०,००० फुटांखाली सहसा २५० नॉट, म्हणजे ताशी ४६३ किमीची मर्यादा असते. हे सगळे धरून चढ-उतारासाठी सरळ हिशेबात पंधरा मिनिटे वाढवावीत.

जमिनीवरची मिनिटे

तिकिटावरची वेळ उड्डाणाची नसते. गेटवरून विमान मागे ढकलले जाते तेव्हापासून दुसऱ्या टोकाच्या गेटवर थांबेपर्यंतचा तो काळ असतो. याला ब्लॉक टाइम म्हणतात. मुंबईत दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. म्हणून एका वेळी प्रत्यक्षात एकच वापरता येते. रात्री आंतरराष्ट्रीय विमानांची गर्दी असते तेव्हा वीस मिनिटे ‘टॅक्सी’त, म्हणजे गेट आणि धावपट्टी यांच्यामध्ये विमान जमिनीवरून चालवण्यात, जाणे नेहमीचे आहे. जेएफकेला संध्याकाळी युरोपकडे निघणाऱ्या विमानांची रांग लागते, तिथे अर्धा तास धरावा, हिवाळ्यात बर्फ असेल तर पंखांवरचा बर्फ काढायला वेगळा वेळ.

आता सगळे एकत्र करू. प्रत्यक्ष मार्ग १३,१०० किमी धरला, हवेतला वेग ८९५.

जाताना सरासरी समोरचा वारा ताशी ४०: जमिनीवरचा वेग ८५५, वेळ १५ तास १९ मिनिटे. चढ-उताराची पंधरा मिनिटे, मुंबईत टॅक्सी वीस, जेएफकेला दहा. एकूण १६ तास ४ मिनिटे.

येताना सरासरी पाठीचा वारा ताशी ५५: वेग ९५०, वेळ १३ तास ४७ मिनिटे. चढ-उतार पंधरा, जेएफकेला टॅक्सी तीस, मुंबईत दहा. एकूण १४ तास ४२ मिनिटे.

तिकिटावरचे आकडे हेच आहेत. कंपन्या हंगामानुसार यात थोडी राखीव वेळ घालतात, म्हणून विमान कधी कधी वीस-पंचवीस मिनिटे ‘लवकर’ पोहोचते आणि गेट रिकामे नाही म्हणून बाहेर थांबून राहते.

इतका तपशील नको असेल तर मोजमापाचा सोपा ठोकताळा: महावृत्ताचे अंतर ८५० ने भागा, त्यात पाऊण तास मिळवा. पश्चिमेला जाताना चार-पाच टक्के वाढवा, पूर्वेला जाताना तितकेच कमी करा. मुंबई-लंडन ७,२०० किमीला हे लावले तर मधली वेळ सव्वानऊ तास, जाताना साडेनऊच्या पुढे, येताना पावणेनऊ-नऊ. प्रत्यक्षाशी जुळते. उत्तर-दक्षिण मार्गांवर टक्क्यांची दुरुस्ती लावू नका. आणि वाटेतले मोठे आकाश बंद असेल तर हा ठोकताळा चालत नाही, तिथे तुकडे पाडूनच मोजावे.

इंधन आणि सामान

बोइंग ७७७-३००ईआरचा पल्ला कागदावर १३,६५० किमी आहे. आपला मार्ग १३,१०० चा. पाहणाऱ्याला वाटते, जागा शिल्लक आहे. पण पल्ला हा स्थिर हवेतला आकडा आहे. ताशी ४० चा समोरचा वारा असेल तर १३,१०० किमी जमीन कापायला विमानाला १३,७०० किमी हवा कापावी लागते. त्याखेरीज नियमाने राखीव इंधन ठेवावे लागते: वाटेतल्या अनपेक्षित खर्चासाठी साधारण पाच टक्के, उतरायचे विमानतळ बंद झाले तर पर्यायी विमानतळापर्यंतचे, आणि शेवटी तीस मिनिटे घिरट्या घालता येतील एवढे, ज्याला हात लावायची वेळ यायलाच नको. इतक्या लांब उड्डाणात इंधन वाहून न्यायलाच इंधन लागते. मुंबईत एक टन जादा भरले तर न्यूयॉर्कला पोहोचेपर्यंत त्यातला तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग ते वाहण्यातच जळलेला असतो.

मग टाकी पूर्ण भरूनही वजनाची मर्यादा येते तेव्हा कमी होतो तो माल, प्रसंगी काही आसने रिकामी ठेवली जातात. मुंबईच्या दमट उन्हाळ्यात हे जास्त जाणवते, कारण तापलेली हवा विरळ असते आणि त्याच धावपट्टीवरून विमानाला कमी वजन उचलता येते. म्हणून लांब पल्ल्याच्या विमानांना रात्रीची थंड वेळ सोयीची पडते. एअर इंडियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबई-जेएफके सुरू केले ते ७७७-२००एलआर या विमानाने, ज्याचा पल्ला १५,८०० किमीच्या पुढे आहे. कारण आता वेगळे सांगायला नको. आपल्या विमानाचा प्रकार तिकीट काढताना दिसतो. लांब पल्ल्याचे विमान असेल तर हिवाळ्यात वाटेत इंधनासाठी थांबण्याची शक्यता कमी.

घड्याळ

भारत जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. न्यूयॉर्क हिवाळ्यात पाच तास मागे, उन्हाळ्यात चार. म्हणून फरक हिवाळ्यात साडेदहा तास, उन्हाळ्यात साडेनऊ. अमेरिकेत घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे करतात. २०२६ मध्ये या तारखा ८ मार्च आणि १ नोव्हेंबर.

तिकिटावरून प्रवासाची वेळ काढायची रीत: दोन्ही वेळा भारतीय घड्याळात आणा आणि वजा करा. जुलैमध्ये विमान मुंबईहून पहाटे २ वाजता सुटते आणि न्यूयॉर्कला त्याच दिवशी सकाळी साडेआठला पोहोचते असे समजा. सकाळचे साडेआठ म्हणजे भारतात संध्याकाळचे सहा. दोनपासून सहापर्यंत सोळा तास. परतीला न्यूयॉर्कहून दुपारी साडेबारा म्हणजे भारतात रात्रीचे दहा. मुंबईत दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला उतरलात तर साडेचौदा तास. घरच्यांना विमानतळावर बोलावताना तारखेचा घोळ इथेच होतो. जाताना बहुधा त्याच तारखेला पोहोचता, येताना पुढच्या. तिकिटावर वेळेच्या शेजारी बारीक ‘+१’ असतो, तो पाहून मगच फोन करा. मार्च किंवा नोव्हेंबरमधले तिकीट महिनोन्महिने आधी काढले असेल तर घड्याळबदलानंतर वेळ एका तासाने सरकलेली असू शकते. आठवडाभर आधी पुन्हा तपासा.

एक थांबा घेतला तर

अंतराच्या दृष्टीने थांबा स्वस्त पडतो. मुंबई-लंडन ७,२१० आणि लंडन-न्यूयॉर्क ५,५५०, बेरीज १२,७६०, म्हणजे सरळ मार्गापेक्षा फक्त दोनशे किमी जास्त. दुबईमार्गे १,९३० आणि ११,०२० मिळून १२,९५०. आपल्या महावृत्ताच्या आसपासच ही शहरे येतात म्हणून असे होते. वेळ मात्र वाढते. एक जादा उतरणे-चढणे, दोनदा टॅक्सी आणि मधला थांबा मिळून एकूण प्रवास एकोणीस ते चोवीस तासांवर जातो.

थांबा दीड तासाच्या आतला घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. कंपनी सत्तर मिनिटांचे कनेक्शन विकते तेव्हा तिच्या दृष्टीने ते नियमात असते, पण पहिले विमान चाळीस मिनिटे उशिरा आले तर तुम्ही दुसऱ्या गेटवर पोहोचता आणि सामान मागेच राहते. वयस्कर आई-वडील व्हीलचेअर घेऊन एकटे जाणार असतील तर तीन तासांचा थांबा ठेवा, किंवा पैसे जास्त पडले तरी नॉनस्टॉप घ्या. दोन वेगळी तिकिटे जोडून स्वतः कनेक्शन बनवू नका. पहिले विमान चुकले तर दुसऱ्या कंपनीवर काहीच बंधन नसते. ट्रान्झिट व्हिसाचे नियम देशागणिक वेगळे आणि बदलते आहेत, तिकीट काढण्याआधी त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावरच बघा.

अबू धाबीमार्गे जाण्यात एक फायदा आहे. तिथे अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी विमानात बसण्याआधीच होते आणि न्यूयॉर्कला तुम्ही देशांतर्गत प्रवाशासारखे बाहेर पडता. त्या बदल्यात अबू धाबीत तपासणीसाठी वेळ राखावा लागतो.

घर ते घर

पुण्याच्या माणसासाठी हिशेब असा. मुंबई विमानतळापर्यंत दीडशे किमीला चार तास, पावसाळ्यात घाटात कोंडी असेल तर पाच. विमान सुटण्याआधी तीन तास हजर. विमान सोळा तास. जेएफके किंवा नेवार्कला इमिग्रेशन आणि सामान मिळून एक ते दोन तास. पुढे न्यू जर्सीतल्या एडिसन, जर्सी सिटीकडे जायचे असेल तर नेवार्कहून अर्धा-पाऊण तास, जेएफकेहून मात्र मॅनहॅटन किंवा स्टेटन आयलंड ओलांडून दीड-दोन तास. न्यू जर्सीत उतरणाऱ्यांनी तिकीट दोन-तीन हजारांनी महाग असले तरी नेवार्कला प्राधान्य द्यावे. न्यूयॉर्कहून पुढे अमेरिकेतच दुसरे विमान असेल तर सामान इथे ताब्यात घेऊन पुन्हा द्यावे लागते, त्यासाठी किमान अडीच-तीन तास हवेत.

तुमच्या तारखेचा नेमका अंदाज हवा असेल तर फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअर या विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर विमानाचा क्रमांक टाका आणि मागच्या दोन आठवड्यांची उड्डाणे बघा. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त वेळ सोडून मधली वेळ घ्या. त्यातली ‘हवेतली वेळ’ आणि ‘गेट ते गेट वेळ’ वेगळ्या वाचा. नकाशावरची रेषाही पाहा. ती मस्कतवरून गेली की आणखी दक्षिणेकडून, यावरून सध्या कोणते आकाश टाळले जाते आहे ते कळते. गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करताना मधल्या काळात आकाशबंदी लागली किंवा उठली नाही ना, एवढे तपासून घ्या.